ग्वाही दिली, पण तपासली कुणी?

२०२० च्या मार्चअखेरीला जग घरात कोंडले गेले आणि त्यातला मोठा हिस्सा झूमवर येऊन बसला. शाळांचे वर्ग, कंपन्यांच्या बैठका, डॉक्टरांचा सल्ला, पुण्या-नाशिकच्या आजी-आजोबांच्या परदेशातल्या नातवंडांशी गप्पा, सगळे तिथेच. डिसेंबर २०१९ मध्ये झूमच्या बैठकांत दिवसाला जास्तीत जास्त एक कोटी सहभागी असत. मार्चमध्ये तो आकडा २० कोटींवर गेला. बैठकीच्या खिडकीत वर डावीकडे एक हिरवे कुलूप दिसे. त्यावर माउसचा बाण नेला की ओळ उमटे : ही जोडणी एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड आहे.

या शब्दांना ठरलेला अर्थ आहे. संभाषण बोलणाऱ्याच्या यंत्रावर सांकेतिक रूपात बंद होते, ते ऐकणाऱ्याच्या यंत्रावरच उघडते आणि मधल्या वाटेत कुणालाही, खुद्द सेवा देणाऱ्या कंपनीलाही, त्यातले काही कळत नाही. ३१ मार्चला ‘द इंटरसेप्ट’ने बातमी दिली की झूमवर असे काही होतच नव्हते. पत्रकारांनी थेट विचारल्यावर कंपनीच्या प्रवक्त्याने मान्य केले की व्हिडिओ बैठकींना असे एन्क्रिप्शन देणे सध्या शक्य नाही. संभाषण वाटेत बंद असे हे खरे, पण किल्ल्या कंपनीकडेही होत्या. काही दिवसांतच टोरांटो विद्यापीठातल्या सिटिझन लॅबच्या संशोधकांनी झूमची यंत्रणा उघडून पाहिली. कागदोपत्री २५६ बिटांचे एन्क्रिप्शन सांगितले होते. प्रत्यक्षात १२८ बिटांचे निघाले, तेही कच्च्या पद्धतीने वापरलेले. उत्तर अमेरिकेतून केलेल्या चाचणीच्या काही कॉलांच्या किल्ल्या चीनमधल्या सर्व्हरवरून आलेल्या दिसल्या. एप्रिलमध्ये भारताच्या गृह मंत्रालयानेही झूम सुरक्षित नसल्याची सूचना काढली.

अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने, म्हणजे ग्राहकांची फसवणूक रोखणाऱ्या तिथल्या सरकारी आयोगाने, नोव्हेंबर २०२० मध्ये नोंदवले की झूम निदान २०१६ पासून हा दावा करत होती. चार वर्षे! या काळात रुग्णालयांनी, वकिलांनी, कंपन्यांनी त्या कुलपाकडे पाहून आपापले निर्णय घेतले. आयोगाने दंड केला नाही, सुधारणांची अट घातली. वेगळ्या खटल्यात झूमने पुढे साडेआठ कोटी डॉलर देऊन तडजोड केली. खरे एंड-टू-एंड एन्क्रिप्शन ऑक्टोबर २०२० मध्ये आले, म्हणजे बिंग फुटल्यानंतर.

इथे अडचण नेमकी कळते. मिठाईच्या दुकानातला पेढा शिळा असला तर जिभेला लगेच समजते. गोपनीयतेचा दावा खोटा असला तर वापरणाऱ्याला काहीच जाणवत नाही. व्हिडिओ तितकाच स्पष्ट दिसतो, ॲप तितकेच झटपट उघडते. माहिती भलतीकडे गेली तरी मूळ मालकाकडून काही कमी होत नाही. म्हणूनच या बाजारात खोटे बोलणे स्वस्त पडते आणि खरे बोलणाऱ्याला आपण खरे आहोत हे दाखवणे महाग.

हे सर्वांत ठसठशीतपणे दिसते ते व्हीपीएनच्या धंद्यात. व्हीपीएन घेतले की ग्राहकाची इंटरनेटवरची सगळी ये-जा आधी त्या कंपनीच्या सर्व्हरवर जाते आणि तिथून पुढे. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीला मग ग्राहक कुठल्या संकेतस्थळावर गेला हे दिसत नाही. संकेतस्थळालाही ग्राहकाचा खरा आयपी पत्ता दिसत नाही. पण आधी जे इंटरनेट कंपनीला दिसे ते आता व्हीपीएनवाल्याला दिसते. विश्वास एकाकडून काढून दुसऱ्याकडे ठेवला, इतकेच घडते. म्हणून जवळपास प्रत्येक व्हीपीएनच्या जाहिरातीत एक वाक्य ठळक असते : आम्ही नोंदी, म्हणजे लॉग, ठेवत नाही. साऱ्या धंद्याचा पाया हे एक वाक्य.

ऑक्टोबर २०१७ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये एका तरुणाला अटक झाली. त्याने एका तरुणीचा ऑनलाइन छळ मांडला होता, इतका भीषण की पुढे त्याला साडेसतरा वर्षांची शिक्षा झाली. तो पकडला गेला हे चांगलेच झाले. पण एफबीआयने न्यायालयात दिलेल्या प्रतिज्ञापत्रात एक तपशील होता : एकाच ग्राहकाने दोन ठिकाणांहून, घरून आणि कामाच्या जागेवरून, सेवा वापरल्याचे प्युअरव्हीपीएनने आपल्या नोंदींवरून सांगितले. ही कंपनी नोंदी ठेवत नसल्याची जाहिरात करत होती. कंपनीचा खुलासा असा की ग्राहक काय पाहतो याची नोंद आम्ही ठेवत नाही. तो कुठून, केव्हा जोडला गेला याची ठेवतो, आणि ते धोरणात लिहिलेले आहे. लिहिलेले होते खरे, पण बारीक अक्षरांत. ठळक अक्षरांत ‘नोंदी नाहीत’ असेच होते.

आयपीव्हॅनिश या दुसऱ्या व्हीपीएन कंपनीची गोष्ट त्याहून बोलकी आहे. २०१६ मध्ये अमेरिकेच्या होमलँड सिक्युरिटी खात्याने तिच्याकडे एका ग्राहकाची माहिती मागितली. आधी उत्तर गेले की आमच्याकडे काही नाही. मग कंपनीनेच सुचवले की मागणी अधिक तपशीलवार करून पुन्हा पाठवा. तशी ती आली, आणि ग्राहकाचे नाव, ईमेल, आयपी पत्ता, जोडणीच्या वेळा असे सगळे दिले गेले. न्यायालयाची कागदपत्रे लोकांसमोर आली तेव्हा २०१८ उजाडले होते आणि कंपनी दुसऱ्या मालकाकडे गेलेली होती.

जुलै २०२० मध्ये तर सात मोफत व्हीपीएन ॲपचा साठा इंटरनेटवर उघडा सापडला. नावे वेगवेगळी, बोधचिन्हे वेगवेगळी, पण बनवणारे हात हाँगकाँगमधले आणि एकमेकांत गुंतलेले. सातही ‘नोंदी ठेवत नाही’ म्हणणारी. उघड्या साठ्यात आयपी पत्ते, भेट दिलेली संकेतस्थळे आणि कुठलेही एन्क्रिप्शन नसलेले पासवर्ड होते. एकूण १.२ टेराबाइट माहिती! जी नोंद ठेवलीच नव्हती, ती.

ओनावोचा मामला वेगळ्या जातीचा. हे मोफत व्हीपीएन ॲप फेसबुकने २०१३ मध्ये विकत घेतले. जाहिरात अशी की हे ॲप तुम्हाला आणि तुमच्या माहितीला सुरक्षित ठेवते. प्रत्यक्षात लोक फोनवर कुठली ॲप किती वेळ वापरतात हे त्यातून गोळा होई आणि प्रतिस्पर्ध्यांपैकी कोण वाढतो आहे हे फेसबुकला कळे. ब्रिटिश संसदेच्या समितीने डिसेंबर २०१८ मध्ये फेसबुकची अंतर्गत कागदपत्रे जाहीर केली, त्यात व्हॉट्सॲपच्या वाढीचे ओनावोवरून काढलेले तक्ते होते. २०१४ मध्ये फेसबुकने व्हॉट्सॲप १९ अब्ज डॉलर देऊन घेतले, तेव्हा हाती हा ऐवज होता. ऑस्ट्रेलियातल्या न्यायालयाने जुलै २०२३ मध्ये याच दिशाभुलीबद्दल मेटाच्या, म्हणजे फेसबुकच्या मालक कंपनीच्या, दोन उपकंपन्यांना मिळून दोन कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा दंड केला. राखणदार म्हणून ठेवलेला माणूसच घरातल्या उठाठेवी टिपून धन्याच्या व्यापारी मित्राला कळवत होता, असा हा प्रकार.

मग सामान्य माणसाने कशाकडे पाहावे? बहुतेकांची नजर शिक्क्यांकडे जाते : ढाल, कुलूप, ‘प्रमाणित’, ‘१०० टक्के सुरक्षित’. या शिक्क्यांचा इतिहास मुळीच आश्वासक नाही. विवाहबाह्य संबंध जुळवणाऱ्या ॲशली मॅडिसन या कॅनडातल्या संकेतस्थळावर ‘विश्वासू सुरक्षा पुरस्कार’ असे पदक झळकत असे. २०१५ मध्ये तिथली सुमारे ३.६ कोटी खात्यांची माहिती चोरीला जाऊन जगजाहीर झाली. कॅनडा आणि ऑस्ट्रेलियाच्या गोपनीयता आयुक्तांनी चौकशी केली, तेव्हा अधिकाऱ्यांनी कबूल केले की असा पुरस्कार कुणी दिलेलाच नव्हता. पदक कंपनीनेच घडवलेले होते. याच संकेतस्थळावर १९ डॉलर भरून खाते ‘पूर्ण पुसून’ घेता येत असे. पैसे भरूनही माहिती वर्षभर ठेवली जात होती आणि चोरांच्या हाती तीही लागली.

हा झाला बनावट शिक्का. अस्सल शिक्क्याची कथा ट्रस्टईची. हजारो संकेतस्थळांना गोपनीयतेचे प्रमाणपत्र देणाऱ्या या अमेरिकी संस्थेने दर वर्षी फेरतपासणी करण्याचे वचन दिले होते. फेडरल ट्रेड कमिशनला आढळले की २००६ ते २०१३ या काळात हजाराहून अधिक वेळा ती तपासणी झालीच नाही. शिक्के मात्र लटकत राहिले.

मानसिक आरोग्याच्या क्षेत्रात हे अधिकच जिव्हारी लागते. ऑनलाइन समुपदेशन देणारी बेटरहेल्प नव्या माणसाला आधी प्रश्नावली भरायला लावी आणि माहिती खासगी राहील असा दिलासा देई. नैराश्याने ग्रासलेला माणूस त्या दिलाशावर विसंबून आपला ईमेल पत्ता लिही. फेडरल ट्रेड कमिशनच्या म्हणण्यानुसार ते ईमेल पत्ते आणि आधी उपचार घेतले होते का यासारखी माहिती जाहिरातींसाठी फेसबुक, स्नॅपचॅट यांच्याकडे गेली. २०२३ मध्ये कंपनीने ७८ लाख डॉलर देऊन प्रकरण मिटवले. संकेतस्थळावर अमेरिकी आरोग्यगोपनीयता कायद्याचे पालन होत असल्याचे सूचित करणारा शिक्काही होता, आणि ते पालन कुठल्याही सरकारी यंत्रणेने तपासलेले नव्हते.

गूगल प्ले स्टोअरवर ॲपच्या पानावर ‘डेटा सेफ्टी’ असा विभाग दिसतो. गूगलने तो २०२२ मध्ये आणला तेव्हा पुष्कळांना वाटले की गूगलने तपासून लिहिले असेल. तसे नाही, त्यातली माहिती ॲप बनवणारा स्वतः भरतो. मोझिला फाउंडेशनने फेब्रुवारी २०२३ मध्ये ४० लोकप्रिय ॲपची ही माहिती त्यांच्याच गोपनीयता धोरणांशी ताडून पाहिली. जवळपास ८० टक्के ॲपमध्ये दोन्हींत विसंगती निघाली. स्वतः भरलेला अर्ज आणि स्वतः लिहिलेले धोरण, तेही जुळेना.

परीक्षणे वाचून निवड करावी, तर तिथेही सावध राहावे लागते. केप टेक्नॉलॉजीज या कंपनीने सायबरघोस्ट, प्रायव्हेट इंटरनेट ॲक्सेस आणि २०२१ मध्ये ९३.६ कोटी डॉलरला एक्सप्रेसव्हीपीएन अशी नामांकित व्हीपीएन विकत घेतली. त्याच वर्षी तिने व्हीपीएनची परीक्षणे छापणारी संकेतस्थळे चालवणारी कंपनीही घेतली. ‘यंदाची सर्वोत्तम व्हीपीएन’ अशी यादी वाचणाऱ्याला यादी करणारा आणि यादीतला माल विकणारा यांचा मालक एकच आहे, हे सहसा ठाऊक नसते.

तरीही ‘सगळे चोर’ म्हणून हात झटकणे चुकीचे ठरेल. काही दावे खरोखर कसोटीला लागले आणि टिकले. डिसेंबर २०१६ मध्ये अंकारात रशियाचे राजदूत आंद्रेई कार्लोव्ह यांची हत्या झाली. मारेकऱ्याची ऑनलाइन संभाषणे कुणीतरी व्हीपीएनच्या आडून पुसली होती. तुर्की तपासयंत्रणांनी तिथला एक्सप्रेसव्हीपीएनचा सर्व्हरच जप्त केला. त्यात उपयोगी पडेल असे काही सापडले नाही. १८ एप्रिल २०२३ रोजी स्वीडिश पोलिसांचे पथक झडतीचे वॉरंट घेऊन गोथेनबर्गमधल्या मुलवाद व्हीपीएनच्या कार्यालयात शिरले. ग्राहकांची माहिती असलेले संगणक न्यायचे होते. ती माहितीच अस्तित्वात नाही हे कंपनीने यंत्रणा दाखवून पटवले आणि पोलीस रिकाम्या हाती परतले. मुलवादमध्ये खाते उघडताना नाव लागत नाही, ईमेलही लागत नाही. १६ अंकी क्रमांक मिळतो, तेच खाते. पाकिटात रोख पैसे घालून टपालाने पाठवले तरी चालतात. जे घेतलेच नाही ते देणार कुठून?

सिग्नल या संदेश ॲपला २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ज्युरीच्या आदेशाने माहिती द्यावी लागली. ॲपने दिली. दोनच गोष्टी : खाते कधी उघडले आणि शेवटचे कधी जोडले गेले. बाकी काही साठवलेले नव्हते. आदेश आणि उत्तर दोन्ही पुढे प्रसिद्ध झाले, त्यामुळे कुणालाही वाचता येतात.

या उदाहरणांतून फरक नीट दिसतो. ‘आम्ही तुमची माहिती पाहणार नाही’ हे वचन आहे. ते उद्याचा मालक, उद्याचा कायदा, एखादा बेफिकीर कर्मचारी मोडू शकतो. ‘आम्हाला ती पाहताच येत नाही’ हे यंत्राच्या रचनेबद्दलचे विधान आहे आणि रचना तपासता येते. प्रोटॉनमेल या स्विस ईमेल सेवेत दोन्ही बाजू एकाच प्रकरणात दिसल्या. पॅरिसमधल्या पर्यावरण कार्यकर्त्यांच्या तपासात फ्रेंच पोलिसांची मागणी स्वित्झर्लंडमार्फत आली आणि कंपनीला एका खात्याचा आयपी पत्ता नोंदवून द्यावा लागला. ईमेलमधला मजकूर मात्र देता आला नाही, कारण तो तिला स्वतःलाच उघडता येत नव्हता. २०२१ मध्ये हे उघड झाल्यावर संकेतस्थळावरची ‘आयपी नोंदी ठेवत नाही’ ही भाषा बदलली गेली. वचन वाकले, रचना टिकली.

रचना कोण तपासणार? एक मार्ग म्हणजे ॲपची मूळ आज्ञावली सर्वांसाठी खुली करणे. सिग्नलची खुली आहे, आणि अँड्रॉइडवर तर प्ले स्टोअरवरचे ॲप त्याच आज्ञावलीतून बनले आहे का हेही जाणकाराला पडताळता येते. दुसरा मार्ग बाहेरच्या लेखापरीक्षकाचा. नोंदी ठेवत नसल्याचे परीक्षण करून घेणाऱ्या व्हीपीएन आता बऱ्याच आहेत. त्याचा उपयोग आहे, पण परीक्षक नेमते कंपनी, काय तपासायचे ते ठरवते कंपनी, आणि अहवाल सांगतो तो तपासणीच्या त्या काही दिवसांपुरता. ‘ऑडिटेड’ हा शब्द दिसला की अहवाल पूर्ण वाचायला मिळतो का, एवढे तरी पाहावे. मिळत नसेल तर तोही एक शिक्काच.

तंत्रज्ञान न कळणाऱ्यालाही करता येईल अशी एक चाचणी आहे. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातले संकेतशास्त्राचे अभ्यासक मॅथ्यू ग्रीन यांनी २०१२ मध्ये ती मांडली. समजा, एखादा माणूस चिखलात घसरून पडला, फोन बुडाला आणि डोक्याला मार लागून पासवर्डही विसरला. नव्या फोनवर कंपनीने त्याची सगळी माहिती परत आणून दिली, तर किल्ली कंपनीकडे आहे हे पक्के. त्याला जी मिळवून देता येते ती माहिती पोलिसांना, चोराला किंवा कुतूहल असलेल्या कर्मचाऱ्यालाही मिळू शकते.

व्हॉट्सॲपवर ही चाचणी लावून पाहावी. संदेश वाटेत एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड असतात. पण गूगल ड्राइव्ह किंवा आयक्लाउडवर ठेवलेल्या बॅकअपला ते संरक्षण आपोआप मिळत नाही; २०२१ च्या ऑक्टोबरपर्यंत तर तशी सोयच नव्हती. आता सेटिंग्जमध्ये ‘चॅट्स’, त्यात ‘चॅट बॅकअप’ उघडले की एंड-टू-एंड एन्क्रिप्टेड बॅकअपचा पर्याय दिसतो. तो चालू करताना पासवर्ड ठरवता येतो किंवा ६४ अंकी किल्ली घेता येते. ती किल्ली हरवली तर बॅकअप उघडणार नाही, कंपनीलाही नाही. नातवंडांचे फोटो जपणाऱ्या आजोबांनी हा धोका पत्करावा का, हा वेगळा प्रश्न आहे. कदाचित पत्करू नये. ज्या वकिलाकडे अशिलांची कागदपत्रे किंवा ज्या पत्रकाराकडे खबऱ्यांचे निरोप आहेत, त्याने मात्र आजच तो पर्याय चालू करावा.

भारतात या साऱ्याला आणखी एक पदर आहे. सर्ट-इन या सरकारी संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी आदेश काढला की व्हीपीएन कंपन्यांनी ग्राहकांची नावे, पत्ते, आयपी यांच्या नोंदी पाच वर्षे ठेवाव्यात. एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातले सर्व्हर काढून घेतले. म्हणजे ‘भारतातल्या सर्व्हरवर आम्ही नोंदी ठेवत नाही’ असे आज कुणी म्हटले, तर एक तर दावा खोटा आहे, नाही तर कायदा मोडला जातो आहे, किंवा तो सर्व्हर भारतात नाहीच.

झटपट कर्ज देणाऱ्या ॲपनी सामान्य घरांना याहून मोठा तडाखा दिला. ‘माहिती पूर्ण सुरक्षित’ असे लिहिलेले ॲप फोनमधली नावांची यादी आणि फोटो उचलून न्यायचे, आणि हप्ता चुकला की नातेवाइकांना धमक्यांचे फोन जायचे, फोटोंशी चाळे करून ते पाठवले जायचे. महाराष्ट्रातही पोलिसांकडे अशा तक्रारींची रीघ लागली. रिझर्व्ह बँकेने २०२२ मध्ये डिजिटल कर्जाच्या ॲपना संपर्क यादी, कॉलच्या नोंदी, फोटो-फाइली यांना हात लावायला मनाई केली. म्हणून कर्जाचे ॲप संपर्क यादीची परवानगी मागत असेल, तर त्याचे गोपनीयता धोरण वाचण्यात वेळ घालवू नये. ते ॲप काढून टाकावे. फोनच्या सेटिंग्जमध्ये कुठल्या ॲपला कशाची परवानगी आहे याची यादी असते. ती ॲपवाल्याने भरलेली नसते, फोन स्वतः सांगतो.

डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा ऑगस्ट २०२३ मध्ये झाला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि कंपन्यांवरची मुख्य बंधने त्यानंतर १८ महिन्यांनी, म्हणजे मे २०२७ मध्ये, लागू होतील. माहिती सांभाळण्यात कुचराई झाली तर २५० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. संमती मागताना द्यायची सूचना इंग्रजीत किंवा राज्यघटनेच्या आठव्या परिशिष्टातल्या कोणत्याही भाषेत वाचण्याचा पर्याय ग्राहकाला असेल, म्हणजे मराठीतही. काय गोळा करणार आणि कशासाठी, हे त्यात लिहावे लागेल. सरकार ज्यांना अधिक महत्त्वाच्या म्हणून निवडेल त्या कंपन्यांना दर वर्षी परीक्षण करून घेणे सक्तीचे आहे. त्यातले ठळक निष्कर्ष या कायद्याखालच्या डेटा संरक्षण मंडळाकडे जातील. ते लोकांसमोर मांडण्याची तरतूद नियमांत नाही. बिल्डरांच्या कारभारावर अंकुश आणणाऱ्या रेरा कायद्यासाठी मुंबई ग्राहक पंचायतीने वर्षानुवर्षे पाठपुरावा केला आणि त्यातून प्रकल्पांची माहिती संकेतस्थळावर कुणालाही पाहता येऊ लागली. डेटाच्या परीक्षणांचे निष्कर्ष तसेच जाहीर व्हावेत, ही मागणी ग्राहक संघटनांनी मे २०२७ ची वाट न पाहता आत्ताच लावून धरायला हवी.